कुलूप पाहू नका, पाटी वाचा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज आधी माझी एक चूक कबूल करतो. मागच्या मेळाव्यात जेवताना कुणीतरी विचारलं होतं, "मोबाईलवर बँकेचं काम केलं तर धोका नाही ना?" मी कॉम्प्युटरवाला. ऐटीत सांगितलं, "पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की बिनधास्त!"

पुढे आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. ऊसबिलाचे चाळीस हजार गेले होते. केवायसीचा मेसेज आला, लिंक उघडली, बँकेसारखंच पान दिसलं, पासवर्ड आणि ओटीपी भरला. तो एवढंच म्हणाला, "अरे, कुलूप होतं की!" त्याला विचारूनच हे सांगतोय.

कुलूप खरंच होतं. मी त्याचा अर्थ अर्धाच सांगितला होता. कुलूप म्हणजे तुमचा मोबाईल आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही, इतकंच. समोरचा सज्जन आहे, असं ते सांगत नाही. चोराशीही बोलणं गुपचूप होतंच की!

त्यासाठी वेबसाइटला प्रमाणपत्र लागतं. ते देणारी संस्था बहुतेक वेळा एवढंच तपासते, की हा पत्ता मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रं फुकट देते. छोट्या वेबसाइटची सोय झाली, पण ठगालाही स्वतःच्या पत्त्यासाठी ते मिळतं. कुलपावरून लोकांचा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधली ती खूण बदलली. आता पत्त्याच्या डावीकडे दोन आडव्या रेघांची खूण असते. तिच्यावर बोट ठेवा, सुरक्षित कनेक्शनच्या ओळीत जा, प्रमाणपत्र उघडा. कोणत्या पत्त्याला दिलं, कुणी दिलं, कधीपर्यंत चालेल, हे तिथे दिसतं.

मग तो पत्ता शेवटाकडून वाचा. सातबाऱ्याच्या सरकारी वेबसाइटचं नाव 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' असं संपतं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं. बँकेचं नाव सुरुवातीला कुणीही लिहील; शेपूट भलतंच असेल तर पान बंद करा. मेसेजमधली लिंक तर उघडूच नका. आणि फसलातच, तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. आपल्या मित्राने लाजेपायी एक रात्र घालवली, तोवर पैसे पुढे गेले होते.

उजनीत जमिनी गेल्या, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी कागदावरचं नाव आणि गट नंबर डोळ्यांत तेल घालून वाचला. शिक्का आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत. आपणही नाव वाचू या.

आणि मित्रा, माझं अर्धवट सांगणं तुला महागात पडलं. सर्वांसमोर तुझी माफी मागतो.