गुण कशाने आला?

(देवास येथील शारदीय व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचा संक्षेप)



वैद्यकीय संशोधनावर देवासला बोलायचं, तर कुमार गंधर्वांपासून सुरुवात करणं भाग आहे. त्यांच्या गाण्याबद्दल मी तुम्हांला काय सांगणार! मी बोलणार आहे त्यांच्या आजाराबद्दल. 1948 साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी इथल्या कोरड्या हवेसाठी मुंबई सोडून आले. गाणं बंद झालं. पत्नी भानुताईंनी घरीच त्यांची शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं आणि 1953 च्या सुमारास कुमारजी पुन्हा मैफलीत बसले.

आता मला सांगा, त्यांना गुण कशाने आला? माळव्याच्या हवेने, भानुताईंच्या सेवेने, की औषधाने? या गावात तिन्ही उत्तरं ऐकू येतात आणि तिन्ही मनापासून दिलेली असतात. पण रोगी एक आणि उपाय तीन, तेही एकाच काळात. मग श्रेय कोणाला द्यायचं, हे त्या एका रोग्यावरून ठरवता येत नाही. क्लिनिकल संशोधन म्हणजे या उपायांना एकमेकांपासून वेगळं करून पाहण्याची शिस्त.

योगायोग असा, की कुमारजी देवासला आले त्याच वर्षी, 1948 च्या ऑक्टोबरमध्ये, ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकूण 107 रुग्ण. औषधाचा साठा अपुरा होता. ते कोणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं, तर बरे होण्याजोगे रुग्णच निवडले जाण्याचा धोका होता. म्हणून ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने निवड बंद लिफाफ्यांवर सोपवली. 55 जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळालं, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. औषधाचा गुण असा सिद्ध झाला. त्याच चाचणीने औषधाची मर्यादाही दाखवली. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे होतात, हे लक्षात आलं आणि दोन औषधं जोडीने देण्याची रीत पडली.

राहिली हवा. त्या काळी क्षय म्हटलं की मिरज नाहीतर मदनपल्लीचं सॅनेटोरियम. देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा मात्र काही हजार. 1956 साली मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र निघालं. तिथे वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी जवळजवळ दोनशे गरीब रुग्णांची अशीच विभागणी केली. औषधं सगळ्यांना सारखीच. काहींना सॅनेटोरियमची मोकळी हवा, सकस जेवण आणि विश्रांती. बाकीचे आपापल्या दाटीच्या घरात, अर्धपोटी आणि कामावरही जाणारे. 1959 चा निष्कर्ष साऱ्या जगाला चकित करणारा होता. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोग लागण्याचं प्रमाणही वाढलं नाही. नेमाने औषध मिळालं, तर हवा आणि खाट यांवाचून अडत नाही, हे त्यातून कळलं.

आणि सेवा? तिचं मोलही मद्रासनेच दाखवलं. बरं वाटू लागलं की माणूस गोळ्या सोडतो. म्हणून कर्मचारी घरी जाऊन गोळ्या मोजत. त्या अनुभवातूनच दुसऱ्याच्या देखरेखीखाली औषध घेण्याची पद्धत पुढे आली. भानुताईंनी जे मायेने केलं, त्याला संशोधनाने उपचारात रीतसर जागा दिली.

पण मला तुम्हांला नेमकं इथेच थांबवायचं आहे. ब्रिटनमधल्या त्या 52 जणांना आपण कसल्या चाचणीत आहोत याचा पत्ताही नव्हता. कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. आज हे चालणार नाही, असं आपण म्हणतो. पण आपल्या शेजारी इंदूरमध्येच औषधचाचण्यांवरून मोठा वाद झाला आणि देशातल्या चाचण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 साली नियम बदलले. इजा झाल्यास भरपाई द्यायची आणि संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करायचं, हे तेव्हा आलं.

तरीही संशोधनाची गरज संपत नाही. ती कळण्यासाठी आता धारकडे वळू. तिथल्या भिल्ल वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. 17 सप्टेंबर 2025 ला धार जिल्ह्यातल्या भैंसोल्यात राज्यातल्या सिकलसेल तपासणीचं एक कोटीवं कार्ड दिलं गेलं. तपासणी झाली, पण पुढे औषध कोणतं आणि किती? हायड्रॉक्सियुरिया गुणकारी आहे हे 1995 साली अमेरिकेत 299 प्रौढांवरच्या चाचणीने दाखवलं. तीव्र वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. तिथली रीत अशी, की शरीर सोसेल तितका डोस वाढवत न्यायचा आणि वरचेवर रक्त तपासायचं. डही-कुक्षीच्या पाड्यावर हे कसं जमावं? शिवाय आपल्याकडचा सिकलसेल बहुतांशी अरब-भारतीय प्रकारचा. त्यात रोगाला आवर घालणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही जास्त टिकतं. मग तोच डोस इथे कशाला? हा प्रश्न नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विचारला. वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम असा कमी आणि ठरावीक डोस त्यांनी मुलांना देऊन पाहिला. 2012 साली निष्कर्ष छापून आला: झटके पुष्कळ कमी झाले. परक्या उत्तरावर विसंबून राहिलो असतो, तर हे कळलं नसतं.

म्हणून संशोधन नको, असं म्हणू नका. ते इथे, इथल्या माणसांसाठी आणि त्यांना विचारून व्हायला हवं. उद्या तुमच्या घरात कोणाला चाचणीसाठी विचारलं, तर चार गोष्टी विचारा. तुलना कशाची कशाशी आहे? देशाच्या चाचणी-नोंदवहीत तिचा क्रमांक काय? 2009 पासून अशी नोंद सक्तीची आहे. इजा झाली तर जबाबदार कोण? आणि औषध लागू पडलं, तर चाचणी संपल्यावर ते आम्हांला मिळत राहील का? हेच चार प्रश्न कुक्षीच्या बाईला भिलीत विचारता यावेत आणि त्यांचं उत्तरही भिलीतच मिळावं. तोवर तिच्या अंगठ्याला संमती म्हणायला मी तयार नाही.