मैदान हाकेच्या अंतरावर हवं

गोवा केवढं? ३,७०२ चौरस किलोमीटर. तेवढ्यात मडगावला फातोर्डा, वास्कोत टिळक मैदान, म्हापशात धुळेर आणि बांबोळीतही फुटबॉलचं स्टेडियम. फातोर्डाचं स्टेडियम १९८९ सालचं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे काही सामने तिथं खेळले गेले. गोव्यातल्या पोराला चांगलं मैदान पाहायला फार लांब जावं लागत नाही.

आता आपला गडचिरोली जिल्हा घ्या. गोव्याच्या जवळजवळ चौपट! सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. चंद्रपूरकडे बल्लारपूरजवळ विसापूरचं तालुका क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातली शाळकरी मुलं तिथल्या सिंथेटिक ट्रॅकवर धावली. आपल्या भागानं अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट.

पण विसापूर एकच आहे. बाकी गावांत धान कापल्यावर बांधीत खेळ रंगतो, पावसाळ्यात मात्र चिखलच चिखल. म्हणून मैदान करताना गॅलरीआधी पाण्याचा निचरा पाहावा. मध्यभाग किंचित उंच, कडेला उतार, खाली वाळूचा थर आणि बाजूनं नाली. एवढं झालं की पाऊस थांबल्यावर मैदान लवकर खेळण्याजोगं होतं.

येत्या ग्रामसभेत गावाच्या मैदानाचा विषय मांडा, आणि खेळणाऱ्या मुलामुलींनाही सोबत न्या.