बाळशास्त्री जांभेकर : दोन रकान्यांचा संपादक



रे रोड स्टेशनावर उतरून पूर्वेला दारूखान्याकडे गेले की मोडीत निघालेल्या जहाजांचे लोखंड दिसते. अशाच एका परदेशी जहाजाच्या टाकीवर तांबड्या रंगात काही अक्षरे होती. ती ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. गॅसने लोखंड कापणाऱ्या आमच्या दोघा सोबत्यांना ती वाचता आली नाहीत. त्यांनी ज्योत लावली आणि टाकीत उरलेल्या तेलाच्या वाफेने भडका घेतला. दोघेही भाजले. मागाहून एका जुन्या खलाशाने ती अक्षरे लावून दाखविली : आग जवळ आणू नका. भरपाईची बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, "पाटी तर लावलेली होती!"

ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला न समजणाऱ्या भाषेत दिलेल्या सूचनेला सूचना म्हणावे काय? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून बसला आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे चरित्र आम्ही वाचले ते याच प्रश्नाच्या नादाने.

बाळशास्त्री कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. लहान वयात ते मुंबईस शिकावयास आले. मराठी आणि संस्कृत तर त्यांच्या घरचीच. पण इंग्रजी, फारसी, अरबी, गुजराती, बंगाली, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा कितीतरी भाषा त्यांना अवगत होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये ते पहिले एतद्देशीय साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. एवढ्या विद्येवर मोठी नोकरी करून सुखाने राहता आले असते. पण या गृहस्थाला त्याआधीच वेगळे वेड लागलेले होते.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. इंग्रजांची इंग्रजी वृत्तपत्रे होती. गुजरातीत 'मुंबई समाचार' १८२२ सालीच निघाला होता. मराठी माणसाला मात्र राज्यात काय चालले आहे हे स्वतःच्या भाषेत वाचण्याची सोय नव्हती. कायदा इंग्रजीत, दंड मराठी माणसाला! अशा वेळी ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्र्यांनी 'दर्पण' काढले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून ते गणले जाते. तो दिवस आज महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. संपादकाचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते. पत्र आधी पाक्षिक होते; त्याच वर्षी मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले.

पण आमचे लक्ष वेधले ते त्याच्या मांडणीने. 'दर्पणा'च्या पानावर दोन रकाने असत : एक इंग्रजी, दुसरा मराठी. मराठी रकान्यातून नव्या विद्या आणि जगाची बातमी आपल्या लोकांकडे यावी, आणि आपल्या लोकांचे म्हणणे इंग्रजी रकान्यातून राज्यकर्त्यांच्या कानी जावे. म्हणजे हा रस्ता दुतर्फा होता. विधवांच्या पुनर्विवाहासारखा नाजूक प्रश्नही त्यांनी या पत्रात चर्चेला घेतला. वरच्याचे हुकूम खाली पोचविणारे पुष्कळ असतात. खालच्याचे गाऱ्हाणे वर पोचविणारा विरळा.

पत्र १८४० साली बंद पडले. पण बाळशास्त्री थांबले नाहीत. त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले, मुलांसाठी व्याकरण लिहिले, कॅल्क्युलससारख्या अवघड विषयावर 'शून्यलब्धि' नावाचे मराठी पुस्तक रचले. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. ती ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित प्रत. संस्कृतातला अर्थ बायाबापड्यांपर्यंत आणणाऱ्या ग्रंथावर या माणसाचे मन बसावे, यात नवल नाही. १७ मे १८४६ रोजी ते गेले. चाळिशीही त्यांनी पाहिली नाही.

आता एक शंका कोणी काढील. १८३२ साली वाचता येणारे होते किती? 'दर्पण' काही गोदीतल्या हमालाच्या हाती पडत नव्हते. खरे आहे. ती उणीव भरून काढणारी माणसे पुढे आली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधु' नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईहून चालविला. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर इजा झाली तर भरपाई, या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. कामगारांचे गाऱ्हाणे साहेबाच्या मेजापर्यंत नेण्याचा बाळशास्त्र्यांचाच तो रस्ता. लोखंड्यांनी तो गिरणीच्या दारापर्यंत आणून भिडविला.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आमची चूकही कबूल करतो. आमच्या संघटनेची हस्तपत्रके आम्ही वर्षानुवर्षे केवळ मराठीत काढीत होतो. काम करणारे मात्र उत्तर प्रदेशातून, बिहारातून आलेले. ते कागद घेत, मान डोलावीत, घडी करून खिशात ठेवीत. आम्ही समजत होतो, प्रचार झाला! त्या टाकीवरच्या पाटीत आणि आमच्या पत्रकात फरक तो काय राहिला? भडक्यानंतर आमचे पत्रक दोन रकान्यांत निघू लागले, एक मराठी आणि एक हिंदी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जेवणाच्या सुट्टीत एकजण ते मोठ्याने वाचतो, आणि त्यांचे म्हणणे उलट लिहून घेतो.

तेव्हा तुमच्यापाशी आमचे मागणे एवढेच. इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांना दोन भाषा येतात, कित्येकांना तीन. आपल्या चाळीत, कारखान्यात, कचेरीत न समजलेल्या कागदावर अंगठा उठवायला निघालेला एखादा माणूस भेटतोच. त्याला थांबवा, तो कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवा, आणि त्याचे काय म्हणणे आहे ते त्या कागदाखाली लिहा. बाळशास्त्र्यांचे स्मरण आम्हांला तरी याहून दुसरे सुचत नाही.