तिसऱ्या घंटेनंतर



आजच्या व्याख्यानाची वेळ साडेसहाची. आम्ही उभे राहिलो तेव्हा सहा वाजून एकतीस मिनिटे झाली होती आणि समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आता बोलता बोलता त्या भरत आहेत. व्याख्यात्याला याचे फारसे वाईट वाटत नाही. त्याची पहिली पाच मिनिटे आभारात आणि विषयाच्या भोवती घुटमळण्यातच जायची असतात. जो ती चुकवतो त्याचे काही बुडत नाही, उलट त्याने शहाणपणा केला असेच कित्येकांना वाटते. नाटकाचे तसे नाही. म्हणून उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाचे नाटकगृहाने काय करावे, हा वरवर क्षुल्लक दिसणारा विषय आम्ही आज मुद्दाम घेतला आहे. काही वर्षे एका हौशी नाट्यसंस्थेत दाराचे काम आमच्याकडे होते, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे आणि थोडी लाजही आहे. ती का, ते पुढे येईल.

प्रथम घडते काय ते पाहू. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा वर गेला. रंगमंचावर एक बाई खिडकीशी उभी आहे. ती अजून बोललेली नाही. तिने न बोलण्यातच नाटकाचा पाया घातला जात आहे. इतक्यात बाजूचे दार उघडते आणि बाहेरच्या व्हरांड्यातला पिवळा उजेड पट्ट्यासारखा आत पडतो. डोअरकीपरची बॅटरी पुढे, मागे चौघांचे कुटुंब. आता तर प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलचाही दिवा असतो. "जी रांग कुठली हो?" मग जी रांगेतील अकरा माणसे गुडघे आखडतात, पिशव्या उचलतात, दोघे उभे राहतात. मागच्या एच रांगेला ती बाई दिसत नाही. चौघे स्थानापन्न होतात, तो त्यांतल्या एकाला कळते की आपल्या जागा बाल्कनीतल्या जी रांगेत आहेत! मंडळी, तुम्ही हसलात. पण त्या नटीला हे सारे दिसत असते. समोर काळोख असतो म्हणून तिला काही दिसत नाही अशी आपली समजूत आहे. उघडलेले दार हे त्या काळोखातले सर्वांत ठळक चित्र होते, आणि तिने दहा दिवसांच्या तालमीत कमावलेला एक क्षण त्या दारातून निघून जातो.

आता कोणी म्हणेल, आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही, पूर्वी असे नव्हते. आम्हांला हे मान्य नाही. पूर्वीही लोक उशिराच येत. फरक इतकाच की पूर्वीचे खेळ उशिरा येणाऱ्याला ओळखून रचलेले होते. भरताच्या नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पाहा. मुख्य नाटकाच्या आधीचा जो पूर्वरंग तेथे सांगितला आहे, त्याची पहिली नऊ अंगे तर पडद्याआडच उरकायची आहेत. वाद्ये मांडणे, गाणाऱ्यांनी बसणे, वाद्ये जुळवणे, असा सारा विधी. मग नांदी, मग सूत्रधार. शास्त्रकारांनी यामागे देवतांच्या प्रसन्नतेचे कारण दिले आहे आणि ते खोटे म्हणण्याचे आम्हांला कारण नाही. पण देवता प्रसन्न होईपर्यंत माणसेही येऊन बसत, हा लाभ काही लहान नव्हे. कालिदासाच्या शाकुंतलातला सूत्रधार तर नटीचे गाणे ऐकून आज कोणते नाटक करायचे तेच विसरतो! घाईत असलेल्या नाटकाला असे विसरणे परवडते का?

ही रीत संस्कृतापाशीच थांबली नाही. तमाशात गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली, मग वग. कोकणातल्या दशावतारात गणपती आणि सरस्वती येऊन जातात, संकासुर आपले हसवण्याचे काम करतो आणि मगच आख्यानाला रंग चढतो. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. आमच्या लहानपणी घरातील बायका स्वयंपाकघर आवरून बरोबर आख्यानाला देवळात पोचत, आणि बुवांच्या कपाळाला आठी पडत नसे. या सर्व खेळांना ओसरी होती असे म्हणा ना! आलेला माणूस आधी ओसरीवर टेकायचा, मग माजघरात जायचा. पुढे नाटक दिवाणखान्यात शिरले. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि बंदिस्त, घरगुती नाटकाची वाट आपल्याकडे रुळू लागली. हळूहळू नांदी गेली, सूत्रधार गेला. पडदा उघडला की पहिल्या वाक्यापासून गोष्ट सुरू. नाटक सुधारले यात शंका नाही. पण ओसरी पाडली गेली, आणि ओसरीवर टेकणारा माणूस एका रात्रीत अपराधी ठरला.

युरोपातही याहून निराळे घडलेले नाही. फक्त तेथे भांडणे मोठी झाली. लंडनच्या नाटकगृहांत अठराव्या शतकात अशी वहिवाट होती की पाच अंकांपैकी तीन संपले की अर्ध्या दरात आत सोडायचे. दुकानातून आणि कचेरीतून सुटलेला माणूस मग उरलेले दोन अंक आणि शेवटचा फार्स पाहत असे. 1763 च्या जानेवारीत ड्रुरी लेन नाटकगृहाचा चालक आणि त्या काळचा श्रेष्ठ नट डेव्हिड गॅरिक याने ही सवलत बंद करण्याचे योजले. प्रेक्षकांनी दंगा केला, नाटकगृहाची मोडतोड केली, आणि गॅरिकला माघार घ्यावी लागली. उशिरा येणे हा तेथे गुन्हा नव्हता, हक्क होता. त्याचा दरसुद्धा ठरलेला होता.

पॅरिसची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथल्या ऑपेरात दुसऱ्या अंकात नृत्य असलेच पाहिजे असा दंडक होता, कारण जॉकी क्लबचे उमराव सभासद जेवणखाण आटोपून त्या सुमारास येत आणि नर्तकींना पाहून संतुष्ट होत. 1861 साली वाग्नर या जर्मन संगीतकाराचा ‘टानहॉयझर’ तेथे व्हायचा होता. त्याला सांगण्यात आले की दुसऱ्या अंकात नृत्य घाला. वाग्नरने नृत्य घातले, पण पहिल्या अंकाच्या आरंभी, कारण गोष्टीत ते तेथेच शोभत होते. उमराव जेवून आले तो नृत्य संपलेले! त्यांनी शिट्ट्या वाजवून खेळ हाणून पाडला. शेकड्याने तालमी झालेले ते काम तीन प्रयोगांनंतर मागे घ्यावे लागले.

पंधरा वर्षांनी, 1876 साली, त्याच वाग्नरने बव्हेरियातील बायरॉइट या लहान गावी स्वतःच्या मनासारखे नाटकगृह उभारले. तेथे खुर्च्यांच्या रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहेत, मधून वाटच नाही. उशिरा येणाऱ्याने जायचे म्हटले तर निम्मी रांग उठवावी लागेल. प्रेक्षागृहातले दिवे जवळजवळ मालवून टाकण्याची रीतही तेथे पडली. अंक सुरू होण्यापूर्वी सज्जात येऊन वादक रणशिंगासारखी वाद्ये वाजवतात. पंधरा मिनिटे उरली की एकदा, दहा उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा. मग दारे बंद. ‘ऱ्हाइनगोल्ड’ नावाचा त्याचा खेळ सुमारे अडीच तासांचा आहे आणि त्याला मध्यंतर नाही. दोन मिनिटे उशिरा आलेल्याने सारा खेळ गमावला! पुढे गुस्ताव माहलर 1897 साली व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक झाला आणि त्यानेही उशिरा येणाऱ्यांना मधेच आत सोडणे बंद केले.

वाग्नरचा राग आम्हांला समजतो. पण त्याच्या व्यवस्थेतली एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याने दार बंद केले खरे. त्याआधी पंधरा मिनिटे त्याने लोकांना तीनदा हाका मारल्या. आणि ती हाक वेशीतल्या गाडीवानाला आणि महालातल्या राजाला सारखीच ऐकू येत होती.

आता आमची गोष्ट. आमच्या संस्थेनेही एका वर्षी ठरवले की तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही. तिकिटावर तसे छापले, दारावर पाटी लावली आणि दाराशी आम्हांला उभे केले. त्या हंगामातल्या पहिल्याच प्रयोगाला सात वाजून वीस मिनिटांनी एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी पायऱ्या चढून आल्या. तालुक्याच्या पलीकडच्या खेड्यातले निवृत्त शिक्षक. घाटात एक मालमोटार आडवी झाली होती, रस्ता तासभर अडला होता. आम्ही पाटी दाखवली. त्यांनी चष्मा काढून ती नीट वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." वाद घातला असता तर बरे झाले असते! बाईंनी फक्त विचारले, "दादा, इथं उभं राहिलं तर आवाज तरी येईल का?" पहिला अंक संपेपर्यंत पाऊण तास ती दोघे बंद दाराशी उभी होती. मध्यंतरानंतर आम्ही त्यांना जागेवर बसवले. नऊ वाजता ती उठून बाहेर आली, कारण सव्वानऊची शेवटची गाडी चुकली असती तर रात्र स्टँडवर काढावी लागणार होती. पूर्ण तिकिटात त्यांनी अर्धा तास नाटक पाहिले. जाताना गुरुजींनी आम्हांला नमस्कार केला.

त्याच महिन्यात दुसरा प्रयोग होता. प्रमुख पाहुणे म्हणून एका थोर पदाधिकाऱ्यांना बोलावले होते. सात वाजले, सव्वासात वाजले. नट रंगून विंगेत उभे, प्रेक्षागृह भरलेले, लहान मुले रडायला लागलेली. आम्ही तिसरी घंटा दिलीच नाही. सात चाळीसला पाहुणे आले, टाळ्या झाल्या, हार झाला आणि मग घंटा झाली. नियम मोडला का? मुळीच नाही! तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत सोडले नव्हते. त्या रात्री घरी जाताना आम्हांला कळले की आम्ही पाळत होतो तो वेळेचा नियम नव्हताच. वेळेवर आलेल्या चारशे माणसांची चाळीस मिनिटे आम्ही एका माणसाला अर्पण केली, आणि दोन माणसांनी कोणाचेही अर्धे मिनिट घेऊ नये म्हणून त्यांना पाऊण तास उभे केले.

आमच्या मते मूळ प्रश्न हा आहे. वेळेवर आलेल्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे, आणि तो खर्च करण्याचा अधिकार ना उशिरा येणाऱ्याला, ना संस्थेच्या चिटणिसाला. हे एकदा मान्य केले की दार बंद ठेवणे योग्यच ठरते. मुंबईत जुहूला 1978 साली सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरात उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, ते याचसाठी. तेथे प्रेक्षक तीन बाजूंनी रंगमंचाला बिलगून बसतात. दोनशे माणसांच्या त्या लहानशा जागेत एक माणूस हलला तरी तो नाटकातलेच पात्र होतो. आणि तेथे जाणाऱ्याला हे आधी ठाऊक असते. पण जेथे जागा मोठी आहे तेथे दार बंद करून संस्थेचे कर्तव्य संपत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात उशीर झालेल्यांना वेगळ्या दालनात पडद्यावर खेळ दाखवण्याची सोय आहे. टोकियोच्या काबुकी-झा नाटकगृहात एकाच अंकाचे स्वस्त तिकीट मिळण्याची जुनी चाल आहे. ज्याला वेळ नाही त्याने तेवढेच पाहावे. या गोष्टींना पैसा लागतो म्हणाल, तर ज्यांना लागत नाही अशाही आहेत.

पुढल्या हंगामात आम्ही काय केले ते सांगतो. दिग्दर्शकाला विनंती केली की संहितेच्या प्रतीत पहिल्या अंकात दोन जागी तांबड्या पेन्सिलीने खूण करावी. जेथे प्रकाश बदलतो, हशा पिकतो किंवा संगीत वाजते, अशी जागा. दिग्दर्शक आधी चिडले, मग त्यांनाच त्यात रस वाटू लागला, कारण आपल्या नाटकात श्वास घ्यायला जागा कोठे आहे हे त्यांना त्यामुळे कळले. एका नाटकात मात्र त्यांना खूण करण्याजोगी एकही जागा सापडली नाही, आणि तसे आम्ही जाहिरातीत स्पष्ट छापले. दाराच्या आत काळा जाड पडदा टांगला, म्हणजे व्हरांड्याचा उजेड आत येऊ नये. शेवटच्या रांगेमागे सहा खुर्च्या ठेवल्या. खूण आली की उशीर झालेल्यांनी तेथे बसायचे. आपला नंबर मध्यंतरानंतर शोधायचा. संस्थेतली मुले त्यांना ‘घाटातल्या खुर्च्या’ म्हणू लागली. नाव कोठून आले ते आम्ही कोणाला सांगितले नव्हते, पण डोअरकीपरांत गोष्टी राहत नाहीत.

पाहुण्यांच्या बाबतीत ठराव मंजूर करून घेणे अधिक जड गेले. कार्यकारी मंडळाच्या तीन बैठका झाल्या. एक सभासद म्हणाले, अशाने देणग्या बंद होतील. शेवटी असे ठरले की सत्कार आणि भाषणे मध्यंतरात करायची आणि पहिली घंटा कोणासाठीही थांबवायची नाही. पहिल्याच वर्षी एक पाहुणे पंचवीस मिनिटे उशिरा आले. आम्ही त्यांना हात जोडले आणि घाटातल्या खुर्चीवर बसवले. ते रागावतील म्हणून चिटणीस विंगेत जाऊन बसले होते. पाहुणे मध्यंतरात म्हणाले, येथून सगळे प्रेक्षागृह दिसते, छान वाटते. देणगीचे काय झाले म्हणाल, तर ती आली. आकडा मात्र मागील वर्षापेक्षा लहान होता, हेही सांगून टाकले पाहिजे.

त्या गुरुजींना आम्ही पत्र लिहायचे ठरवले होते. पत्ता मिळाला नाही. गाडीचा मार्ग ठाऊक होता, पण त्या मार्गावर खेडी बरीच आहेत.

आमची वेळ संपत आली, आणि घड्याळाकडे बोट दाखवून अध्यक्षांना उठवण्याची पाळी आज तरी आम्ही येऊ देणार नाही. फक्त एक विनंती. मागच्या दाराशी आठदहा मंडळी मघापासून उभी आहेत. त्यांनी पुढे यावे. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी म्हणून राखलेल्या पाच खुर्च्या अजून मोकळ्याच आहेत.