विजेचा हिशेब आणि घटिकेचा हिशेब
(मंडळाच्या माजिवडा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी विजेचे नवे स्मार्ट मीटर बसले आहे. जुने मीटर वीज किती जळली एवढेच सांगे. ती कोणत्या वेळी जळली, हेही नवे मीटर नोंदविते. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांनी तेथील रात्रीच्या स्वस्त विजेविषयी ऐकले असेल. 1978 साली तेथे ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर निघाला. रात्री सात तास वीज स्वस्त. त्या वेळात पेटीतील जड विटा तापवावयाच्या आणि दिवसा त्यांची ऊब घ्यावयाची. कित्येक घरी दरातील हा बदल रेडिओच्या संदेशाने होत असे. ती व्यवस्था 2025 च्या जूनअखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि तिची जागा स्मार्ट मीटर घेऊ लागले.

आपल्याकडे मात्र चक्र उलटे फिरले आहे. सूर्यापासून होणारी वीज दुपारी मुबलक असते. म्हणून 2025 च्या जुलैपासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे असे मीटर होते, त्यांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळातील वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत घोषित झाली. हे दर आयोगाच्या आदेशाने बदलतात. तेव्हा आपले चालू बिल पाहूनच हिशेब करावा.

आता आपल्या घरची ‘विटांची पेटी’ म्हणजे गीझर. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे एक युनिट लागते. ते दुपारी तापविले तर 80 पैसे वाचतात. महिन्याचे झाले 24 रुपये. पण तेच पाणी पहाटेच्या स्नानासाठी राखावयाचे म्हटले, तर? चांगल्या टाकीतूनही चोवीस तासांत अर्ध्या युनिटाच्या आसपास उष्णता निसटते. चौदा तासांत तीन दशांश युनिट गेले, तर सामान्य घरगुती दराने त्याची किंमत सवलतीहून अधिक होते! तेव्हा पहाटेचे पाणी पहाटेच तापवावे. सायंकाळी स्नान करणाऱ्यांनी ते साडेचारला तापवावे, हे ठीक. आमच्या आजीच्या काळी बंब पेटविताना हा विचार कोणास करावा लागला नाही, असो.

आणि दुपारी घरी असते कोण? सकाळी सातला घोडबंदर मार्गावरील बससाठी धावणारा मनुष्य रात्री परततो. मग कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, गीझर यांची वेळ सांभाळण्याचे काम सुनेवर किंवा वृद्ध सासूवर येते. चोवीस रुपयांसाठी त्यांची दुपारची विश्रांती मोडावी, हे मला मान्य नाही. यंत्राला वेळ लावून ठेवण्याची सोय असेल तर गोष्ट निराळी.

खरा लाभ मला गच्चीवर दिसतो. गृहसंस्थेच्या पाण्याची टाकी हीदेखील साठवणच, आणि तिच्यातून काही निसटत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे 4 युनिटे घेतो. तीन तासांचे काम रात्रीऐवजी दुपारी केले, तर 12 युनिटांवर रोजचे 9 रुपये 60 पैसे, म्हणजे महिन्याचे 288 रुपये होतात. सामायिक मीटर नव्या प्रकारचे आहे काय, त्यास घरगुती दर लागू आहे काय आणि वरची टाकी सकाळपर्यंत पुरेल काय, या तीन गोष्टी चिटणिसांनी आधी पाहाव्यात. पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेण्यास कोणाची हरकत नसावी.