अर्ध्यावर अडलेलें यंत्र

पिंपरी-चिंचवड, भोसरी या औद्योगिक पट्ट्यांत गुरुवार हा बहुतेक कारखान्यांच्या सुटीचा वार. चाकणच्या मोटारवाल्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानशा कारखान्यांतील हिशेबनिसाला त्या दिवशीं उसंत मिळते, आणि लॅपटॉप कित्येक दिवस मागत असलेलें ‘फर्मवेअर अपडेट’ एकदांचें उरकावें असें त्याला वाटतें. मुहूर्त मात्र हा वाईट! महावितरणचीं दुरुस्तीचीं कामेंही बहुधा याच वारीं निघतात. लॅपटॉपला बॅटरी असते हें खरें. पण चार-पांच वर्षें वापरलेली बॅटरी कितीशी तग धरील? शुक्रवारपर्यंत थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

फर्मवेअर म्हणजे यंत्राला जाग आणणारी पहिली आज्ञावली. ती डिस्कवर नसते. मदरबोर्डवरील एका चिमुकल्या, बहुधा आठ पायांच्या चिपमध्यें असते. अपडेटच्या वेळीं त्या चिपमधील जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. नेमका तेव्हां खंड पडला, तर जागें कसें व्हावें हेंच यंत्र विसरतें. २६ एप्रिल १९९९ रोजीं ‘सीआयएच’ नांवाच्या व्हायरसनें पुष्कळ संगणकांच्या अशाच चिपांत निरर्थक मजकूर भरून त्यांना मुकें केलें होतें.

परंतु पडदा काळा झाला म्हणजे काम थांबलेंच असें नव्हे. पंखा जोरानें फिरतो, यंत्र दोन-तीनदां आपोआप बंद होऊन सुरू होतें; एवढ्यानें घाबरून बटणाकडे जाणारा हातच पुष्कळदां घात करतो. तासभर तरी वाट पाहावी. त्यानंतरही हालचाल नसेल, तरच बटण दाबून धरून यंत्र बंद करावें.

पुढील उपाय कंपनीपरत्वें निराळा. एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपांत विंडोज व बी या कळा धरून वीजेचें बटण दोन-तीन सेकंद दाबलें, कीं राखून ठेवलेली प्रत पुढें येते. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत कंट्रोल व एस्केप या कळा धरून अ‍ॅडॉप्टर जोडावा लागतो. ती प्रतही बिघडली असेल, तर दुसऱ्या संगणकावरून त्याच मॉडेलची फाइल पेन-ड्राइव्हवर घेऊन हाच प्रयोग करावा.

तेंही फसल्यास कारागीर चिपला प्रोग्रॅमर जोडून तींत थेट लिहितो. तत्पूर्वीं जुन्या मजकुराची प्रत त्यानें काढलीच पाहिजे. यंत्राचा अनुक्रमांक आणि बहुधा विंडोजचा परवानाही तींतच असतो. पहिल्याच दिवशीं ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्या दुकानदाराला, चिप वाचून पाहिली काय, असें अवश्य विचारावें.

बिलें, नकाशे, मुलांचीं छायाचित्रें डिस्कवर सुखरूप असतात. मात्र डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर दुरुस्तीनंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती त्याच लॅपटॉपांत जपून ठेवणारेही असतात! अपडेटला हात घालण्यापूर्वींच ती कागदावर उतरून कपाटांत ठेवावी.