तीस दिवसांची वही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे की आठवणी सगळेच सांगतील, तू काहीतरी उपयोगाचं बोल. म्हणून माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते आणि शेवटी तुम्हाला एक आव्हान देते. विषय आहे खरेदी. किराणा-औषधाची नाही, मोबाईल चाळता चाळता सहज होऊन जाते ती.

आपण शाळेत होतो तेव्हा जिंतुरात एखादी वस्तू हवीशी वाटणं आणि ती घरात येणं, यात बराच काळ जायचा. आठवडी बाजाराची वाट पाहायची. नवे कपडे दिवाळीला, नाहीतर घरात लग्न निघालं तर. शेतकऱ्याच्या घरी कापूस विकल्यावर पैसा यायचा, आधी दुकानदाराची उधारी चुकती व्हायची, आणि उरलं तर बाकीचं. याला मी शहाणपण म्हणणार नाही. तो नाइलाज होता, आणि त्यात कितीतरी जणांच्या खऱ्या गरजाही राहून गेल्या. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या वाट पाहण्यात एक काम आपोआप व्हायचं. बऱ्याचशा इच्छा वाटेतच विरून जायच्या.

माझ्या धंद्याने नेमकी ती वाट छाटून टाकली. १९९९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनला एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं, गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबायचं. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्याची सोय मोठी आहे, भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण नोटा मोजून देताना हाताला जे कळतं, ते पिन टाकताना कळत नाही. प्रेलेक आणि सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्याच्या त्याच तिकिटांसाठी, पैसे कार्डाने द्यायचे असतील तर लोक रोखीपेक्षा कितीतरी जास्त बोली लावत होते.

आता जरा पडद्यामागचं सांगते. ॲपमधलं एखादं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, हे कुणाच्या लहरीवर ठरत नाही. दोन नमुने करतात. काही लोकांना एक दिसतो, काहींना दुसरा. ज्याच्यावर जास्त विक्री होते तो ठेवतात आणि पुढचा प्रयोग सुरू करतात. म्हणजे एका बाजूला दिवसभराच्या कामाने थकलेले तुम्ही, आणि दुसऱ्या बाजूला असंख्य लोकांवर पारखून घेतलेला पडदा. म्हणून ‘मनावर ताबा ठेवा’ एवढा उपदेश पुरत नाही.

यातल्या काही युक्त्या तर सरकारनेच बेकायदा ठरवल्या आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या प्रकारांची यादी जाहीर केली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड करणं, हे सगळं त्यात आहे. असं काही दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. निवृत्त झालेल्या आपल्या सरांनी आणि बाईंनी हा नंबर जरूर लिहून ठेवावा.

आता गणिताच्या तासाकडे वळते. समजा, एक मोबाईल रोखीने ११,००० रुपयांना मिळतो, आणि ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर दरमहा २,००० प्रमाणे सहा महिने, म्हणजे १२,००० ला. वरचे हजार म्हणजे नऊ टक्के, असं पटकन वाटतं. पण मुद्दल, दर, काळ हे सूत्र आठवा. ११,००० रुपये पूर्ण सहा महिने आपल्याकडे राहतच नाहीत. पहिल्या महिन्यापासून आपण परत करत असतो. तो काळ धरून हिशेब केला की दर वर्षाला साधारण ३० टक्क्यांवर जातो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते.

हे मी इथे मुद्दाम सांगते आहे. माझ्यासारखीचा पगार दर महिन्याला येतो. आपल्यातले निम्मे जण शेती करतात. त्यांचा पैसा सुगीला येतो, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला उभा राहतो. पाऊस लांबला म्हणून तो थांबत नाही. त्यामुळे सहज घेतलेली तीच वस्तू पुण्यातल्या नोकरदाराला परवडते आणि जिंतूरच्या शेतकऱ्याला कर्जात ढकलते.

तर आव्हान असं. एक साधी दोनशे पानी वही घ्या. किराणा, औषध, फी, बी-बियाणं, खत यांना पूर्ण सूट. बाकी जे काही घ्यावंसं वाटेल, ते त्या दिवशी घ्यायचं नाही. तारीख, वस्तू आणि किंमत वहीत लिहायची. तीस दिवसांनी ते पान उघडायचं. तरीही हवी असेल आणि रोख पैसे असतील, तर खुशाल घ्यायची. सोबत दोन कामं करा. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका आणि ऑफर सांगणाऱ्या सूचना बंद करा. आणि घेण्याआधी स्वतःला विचारा: हे घरात आधीच आहे का, आणि असलेलं दुरुस्त होतं का? आपल्या गावात शिंपी, चांभार आणि मिक्सर दुरुस्त करणारे अजून आहेत. त्यांच्याकडे गेलं तर पैसाही गावातच राहतो.

मी हे करते. एका महिन्यात माझ्या वहीत १७ नोंदी झाल्या. तीस दिवसांनी त्यातल्या चार वस्तू मी घेतल्या: चालायचे बूट, मोठा कुकर, टेबलावरचा दिवा आणि मुलीसाठी शब्दकोश. चारही रोज वापरात आहेत. उरलेल्या तेरांपैकी काही कशासाठी लिहिल्या होत्या, तेही आठवेना.

हा कंजूषपणा नाही. येलदरीच्या धरणात पाणी अडवतात, ते हवं तेव्हा सोडता यावं म्हणूनच. थांबवलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, मोटार जळाली तर नवी घ्यायला हाताशी असतो.

आणि एक अवघड गोष्ट. आपल्या भागातला सगळ्यात मोठा न ठरवलेला खर्च मोबाईलवर होत नाही, तो लग्नाचा बस्ता बांधताना होतो. दुकानात गादीवर बसलं, पुढ्यात साड्यांचा ढीग पडला, की ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने आकडा वाढत जातो. तिथे वही एकट्याची चालत नाही. म्हणून आपणच आपसात ठरवू या. या बॅचच्या घरच्या लग्नात एकमेकांना आहेर करायचा नाही आणि घ्यायचाही नाही. एकाने नको म्हटलं तर रुसवे होतात. सगळ्यांनी मिळून म्हटलं तर ती रीत होते.

वही आजच सुरू करा. पुढच्या महिन्यात याच तारखेला बॅचच्या ग्रुपवर फक्त दोन आकडे टाका: किती लिहिलं आणि किती घेतलं. सरांनी आणि बाईंनीही टाकावेत, आम्ही ते नक्की तपासू.